वरच्या काकूंची शिकवणी

“पुन्हा सांग,” वरच्या काकू म्हणाल्या. “मला नाही कळलं.”

थोरलीनं सुस्कारा सोडला. “कॉम्पोनंट म्हणजे पानाचा एक सुटा तुकडा. बटण हा एक तुकडा, शोधायची चौकट हा दुसरा. असे तुकडे जोडून पान उभं राहतं.”

“हे तू पाठ केलंयस.”

ते खरंच होतं.

तिनं रिअ‍ॅक्टचा कोर्स केला होता. ब्राउझरमध्ये दिसणारी पानं बांधायची ही तयार कोडची लायब्ररी; तिला हव्या त्या नोकरीसाठी ती यायलाच हवी होती. कोर्सच्या परीक्षेत ती पहिली आली. पण इंटरव्ह्यूत कुणी “असं का?” विचारलं की तिची दातखीळ बसायची. मागच्या ठिकाणी तर ती “सॉरी” म्हणून मधूनच उठून आली. तेव्हापासून लॅपटॉप कपाटात होता आणि थोरली पलंगावर.

काकू नुकत्याच वरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या होत्या. एकट्याच असायच्या. लिफ्ट बंद पडली त्या दिवशी आईनं त्यांना पाणी प्यायला आत बोलावलं. आईच्या तोंडात तीळ भिजत नाही. पाण्याचा पेला रिकामा होईपर्यंत थोरलीचं सगळं पुराण सांगून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना काकू थेट थोरलीच्या खोलीच्या दारात.

“आमच्या ऑफिसात सगळे रिअ‍ॅक्ट, रिअ‍ॅक्ट करत असतात. समोर बसून बोलतात, पण धड समजावून सांगणारा विरळाच. तू सांगशील?”

“तुम्ही तिथे काय काम करता?”

“लोकांचं ऐकून घ्यायचं. दुसरं काय!”

मागे आई उभी होती. नाही म्हणायची सोय नव्हती.

तेव्हापासून रोज संध्याकाळी शिकवणी सुरू झाली आणि रोज काकूंची गाडी त्याच फाटकाशी अडू लागली. धाकटीनं तर निकालच देऊन टाकला, “ताई, पालथ्या घड्यावर पाणी!”

तेच थोरलीला लागलं. ती इरेला पेटली. या बाईंना समजावल्याशिवाय सोडायचं नाही. तिनं कोर्सची वाक्यं बाजूला ठेवली.

“काकू, आपली इमारत बघा. सगळ्या फ्लॅटचा नकाशा एकच. एकदा काढला, हवा तितक्यांदा वापरला. तो नकाशा म्हणजे कॉम्पोनंट.”

“बरं. आणि ते प्रॉप्स?”

“बाहेरून मिळतं ते. तुमच्या फ्लॅटचा नंबर. इमारतीनं दिला तो घ्यायचा, आपल्या मनानं बदलायचा नाही.”

“आणि स्टेट?”

“ते घरातल्या घरात. दिवा चालू आहे की बंद. तो लावला की तेवढंच घर वेगळं दिसतं. एका दिव्यासाठी अख्खी इमारत पाडून बांधत नाहीत.”

काकू पहिल्यांदाच हसल्या. पण लगेच भुवया वर गेल्या. “मग टाकीत पाणी किती उरलंय, हे तुझ्याही घरी दिसायला हवं आणि माझ्याही. तो आकडा ठेवायचा कुणी?”

“दोघींनी.”

“आणि तुझा वेगळा, माझा वेगळा निघाला तर? खरा कुठला?”

असल्याच प्रश्नाला थोरली मागे उठून आली होती. पण स्वतःच्या घरातून उठून जाणार कुठे?

“उद्या सांगते,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं लॅपटॉप कपाटातून काढला आणि दिवसभर मान वर केली नाही. पडद्यावर दोन घरं काढली, दोन्हींना आपापला आकडा दिला. एकीकडे बदलला की दुसरीकडे जुनाच राही. आईनं जेवायला हाक मारली, तर “आले, आले” म्हणून जागची हलली नाही. सगळं पुसून तिनं पुन्हा मांडलं. शेवटी उमगलं तशी ती लिफ्टची वाट न बघता जिना चढून गेली.

काकूंनी दार उघडलं. हातात टॉवेल तसाच.

“दोघींनीही ठेवायचा नाही! दोघींच्या वर जो आहे त्यानं ठेवायचा. इमारतीनं! तिथून तो दोघींना प्रॉप्स म्हणून खाली द्यायचा.”

“असं का?”

“कारण आकडा एकाच ठिकाणी असला की तो चुकला तरी एकाच ठिकाणी दुरुस्त होतो. आपल्या दोघींत भांडण नाही.”

बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की ‘का’ला उत्तर देताना आपण अडखळलोच नाही.

पुढच्या आठवड्यात एका कंपनीचं बोलावणं आलं. अर्ज धाकटीनं परस्पर ठोकला होता. थोरलीनं वर जाऊन काकूंना सांगितलं.

“जाशील ना?” त्यांनी एवढंच विचारलं.

“जाईन.”

“मधूनच उठणार नाहीस?”

“नाही काकू. ते उठेपर्यंत मी उठणार नाही.”

इंटरव्ह्यूच्या खोलीत लांब टेबलापलीकडे दोन माणसं होती. मधली खुर्ची रिकामी. “मॅडम येतीलच,” चष्मेवाला म्हणाला. “निवड त्या स्वतः करतात. आपण सुरुवात करू.”

प्रश्न सोपे नव्हते. एकदा तिची गाडी घसरली, पण तिनं आपली चूक आपणच पकडली. चष्मेवाला “असं का?” म्हणाला, तेव्हा तिनं त्यालाच एक कागद मागितला आणि इमारत काढून दाखवली.

“छान सांगता,” दुसरा म्हणाला. “कुणाकडे शिकलात?”

“शिकले कोर्समध्ये. पण कळलं शिकवताना.” थोरली आता मोकळी झाली होती. “आमच्या वर एक काकू राहतात. त्यांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. रोज तेच तेच विचारून त्यांनी माझा पिच्छा पुरवला.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात तिच्या मागचं दार उघडलं आणि दोघंही अदबीनं उभे राहिले.

“मॅडम, आमचं झालं,” चष्मेवाला म्हणाला. “आता तुमचे प्रश्न.”

“माझे कधीच विचारून झालेत,” म्हणत वरच्या काकू मधल्या खुर्चीत बसल्या.