हळदीचे बॅनर

आमची अमिषाताई लग्नाच्या हळदीचे जे बॅनर बनवते, त्यांना अख्ख्या उरणात तोड नाही. तिच्या बॅनर-फोटोच्या दुकानासाठी मी नवा कॉम्प्युटर जोडत होतो. एसएसडी किंवा भारी ग्राफिक्स कार्ड, बजेटमध्ये एकच बसत होतं.

"कार्डच घे ताई. बॅनर आणखी झकास करशील."

"एसएसडीनं मशीन लगेच चालू होतंय ना? मग तीच टाक."

"अगं, हळदीवाल्यांना कसली घाई? मस्करी करत, चहा पीत बसतात."

"ते बसतात रे. पण घरातलं माणूस गेल्यावर त्याचा फोटो मोठा करायला येतात ना, ते बसत न्हाय. मशीन चालू होईपर्यंत मोबाइलमधला तो फोटो माझ्यासमोर धरून उभेच राहतात."