साळुबाईनं नाव घेतलं

सिरिंज भरून तयार होती. वीस युनिट इन्सुलिन. अमृता सिस्टर सहा नंबरच्या खाटेशी उभी होती आणि सुई टोचत नव्हती.

कागदावर सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. कुंडलिक थोरात, कळंब, वय साठ. रक्तातली साखर चारशे ऐंशी. खाली इन्सुलिन आणि डॉक्टरांची सही. पण खाटेवरचा माणूस घामानं निथळत होता. तिनं त्याचा हात हातात घेतला. गार. नाडी पळत होती. हाक मारली की पापण्या तेवढ्या हलायच्या. साखर एवढी चढलेल्या माणसाची कातडी कोरडी पडते, जीभ सुकते. असा घाम सुटतो तो साखर उतरल्यावर. आणि उतरलेल्या साखरेवर हे इन्सुलिन गेलं, तर माणूस पुन्हा उठत नाही.

कागद खरा की घाम खरा?

साल सत्त्याण्णव. पुणे-नाशिक रस्त्यालगतचं वीस खाटांचं इस्पितळ. डॉक्टर आत सिझरमध्ये होते. रक्त तपासणारे काका जेवायला गावात गेलेले. अमृताला नोकरी लागून सात महिने झाले होते.

“अमृता, इन्सुलिन गेलं का?” ऑपरेशनच्या खोलीतून आवाज आला.

“दोन मिनिटं, सर.”

“दोन मिनिटं कशाला?”

खाटेच्या पायथ्याशी त्या माणसाची बायको, साळुबाई, तोंडाला पदर लावून बसली होती. अमृता तिच्याकडे वळली.

“मावशी, हे कळंबचे ना?”

साळुबाईनं मान डोलावली.

“सकाळी जेवले होते?”

मान डोलली.

“का उपाशी होते?”

पुन्हा तशीच, तितक्याच घाईनं मान डोलली.

बाई पार भेदरून गेली होती. आपण जे म्हणू त्याला ती हो म्हणणार. कागदावरचं नाव वाचून दाखवलं, तर त्यालाही. पुण्याला शिकताना ट्यूटर बाई घोकून घ्यायच्या, औषध देण्याआधी पेशंटचं नाव आपण सांगायचं नाही, समोरच्याच्या तोंडून ऐकायचं.

“मावशी, यांचं नाव काय?”

साळुबाईनं मान खाली घातली.

“सांगा ना.”

“कागदावर आसंल की.”

“मला तुमच्याकडून ऐकायचंय.”

“न्हाई वो बाई. धन्याचं नाव घिऊ न्हाई. त्यांचं आयुष्य घटतं. सासू म्हनायची.” तिनं नवऱ्याची पावलं दोन्ही हातांनी धरली. “आन आज तर न्हाईच न्हाई.”

अमृतानं सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. ती साळुबाईसमोर उकिडवी बसली.

“मावशी, ही सुई ज्याची त्याला गेली तर जीव वाचवते. दुसऱ्याला गेली तर जीव घेते. ही यांची आहे का नाही, ते तुम्हीच सांगू शकता. इथं यांना ओळखणारं दुसरं कोण आहे?”

साळुबाईनं ट्रेकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं आलेला खोकला दाबून धरला.

ती उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला. नवऱ्याचं नाव नुसतं कसं घेतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. जन्मात एकदाच घेतलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी, येडगावाहून नांदायला आली तेव्हा नणंदांनी दार अडवलं होतं. त्या दिवशी घेतलं तसंच तिला येत होतं. डोळे मिटून ती म्हणाली,

“कुकडीच्या काठाला हरभरा आला दाट,
गेणूरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट.”

कोणी हसलं नाही.

गेणू. कुंडलिक नव्हे.

“सर!” ती धावत ऑपरेशनच्या दाराशी गेली. “सहा नंबरला कुंडलिक थोरात नाहीत. यांचं नाव गेणू आहे. अंग गार पडलंय, घामानं भिजलेत. साखर उतरल्यासारखी वाटते. ग्लुकोज देऊ?”

लगेच आतून आवाज आला.

“दे! आधी दे! मी आलोच.”

सकाळी कळंबचे दोन थोरात एकाच वेळी आले होते. रक्ततपासणीचे कागद वाटणाऱ्यानं खिडकीतून “थोरात, कळंब?” एवढंच विचारलं होतं, आणि साळुबाईनं मान डोलावली होती. कुंडलिक थोरात पलीकडच्या खोलीत बसून होते. ओठ सुकलेले, तिसऱ्यांदा पाणी मागत होते. पुढं त्यांनी आपलं नाव स्वतः सांगितलं, मगच त्यांना इन्सुलिन मिळालं.

अमृता गेणूच्या शिरेतून सावकाश ग्लुकोज सोडत होती. साळुबाईला आता वाचा फुटली होती. श्रावणी सोमवार, भीमाशंकरला निघालेले. धन्यानं साखर उतरायची गोळी घेतली आन पोटात कायबी न्हाई. रस्त्यातच डोळं फिरवलं.

हळूहळू घाम थांबला. बोटं ऊबदार झाली. गेणूनं डोळे उघडले, छताकडे पाहिलं, मग बायकोकडे.

साळुबाईनं घाबरून हात जोडले. “चुकलं माजं. भर लोकांत तुमचं नाव घेतलं म्या.”

गेणूनं तिचे जोडलेले हात धरले. जीभ अजून जड होती.

“ऐकलं म्या,” तो म्हणाला. “आनखी एक डाव घे.”