सोडलेल्या दारूचा सत्कार

सुतारानं दारू सोडली त्याला आज वर्ष झालं, म्हणून व्यसनमुक्ती मंडळानं त्याचा सत्कार ठेवला होता. शाळेच्या हॉलमध्ये, पहिल्याच खुर्चीवर, तो नवा शर्ट घालून नवरदेवासारखा ताठ बसला होता. वीस वर्षं ज्याला पाहून लोक रस्ता बदलत, त्याच्याशी हात मिळवायला आज रांग लागली होती.

"बघितलंस ना वहिनी?" नणंदेनं कोपरानं ढोसलं. "माझा भाऊ मुळात सोन्यासारखाच. त्या मेल्या दारूनं वाटोळं केलं होतं."

सुतारीण नुसतीच हसली. तीही वीस वर्षं सगळ्यांना हेच तर सांगत आली होती. आईला, शेजारणींना, एकदा तर कपाळाला टाके घालणाऱ्या डॉक्टरलासुद्धा.

मंडळाच्या बाईंनी माईक तिच्या हातात दिला. "बोला ताई, घरात काय बदल झाला ते सांगा सगळ्यांना."

"चार शब्द बरे बोल. नाक कापू नकोस माझं," सुतार हसरा चेहरा तसाच ठेवून पुटपुटला.

तिनं माईक दुसऱ्या हातात घेतला आणि लांब बाही कोपरापर्यंत वर सरकवली. आज सकाळी उठलेली पाच बोटं एव्हाना चांगली काळीनिळी पडली होती.

"वर्षभरात यांनी थेंबालासुद्धा हात लावला नाही, हे अगदी खरं आहे," ती म्हणाली.



"म्हणून वीस वर्षं मी त्या बिचाऱ्या दारूला घातलेल्या शिव्या आज सगळ्यांसमोर परत घेते."