अष्टमीचं पाणी

"म्हंजे हे हिरवं हाय तवर होडी जाणार?" राहीबाईंनी पदराला हात पुसत लेकाला विचारलं.

"हो. लाल झालं की बूड गाळाला लागलं समज."

लाइट जायच्या आत कुणालला सगळं ठरवून टाकायचं होतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर खाडीचा नकाशा होता आणि अंजूरच्या धक्क्यापासून वसईकडं उतरणारी एक हिरवी रेघ. या प्रोग्रॅमची सीडी त्यानं कामावरून आणली होती. नकाशात जिथं पाण्याची खोली दिलेली नव्हती, तिथं बांबूनं पाणी मोजून त्यानंच आकडे भरले होते. बाळंतपणाला सव्वा महिना झाला होता. अष्टमीला दिपालीताईला सासरी पोचवायचं होतं. घरची रीत अशी, की पहिलं लेकरू घेऊन निघालेली लेक खाडीनंच जाते, वाटेत नारळ सोडून. तिच्या नवऱ्याचा, भूपेशचा, सकाळीच फोन येऊन गेला होता.

"अष्टमीला भांगाची भरती असते रं. पाणी चढत न्हाय."

"मशीनलापण माहितीय. पूर्ण भरतीला निघालो तर बुडाखाली वीतभर पाणी राहतंय. बास झालं."

राहीबाई खुर्चीमागून आणखी वाकल्या. "होडीत काय काय धरलंस?"

"आपण तिघं, बाळ, होडीवाला अनंता."

"न् पाळणा?"

"पाळणा?"

"सागाचा हाय. बाळाबरोबर जायला नको?"

कुणालनं पाळण्याचं वजन घातलं. रेघ हिरवीच राहिली.

"तांदळाची गोण घाल. दोन घाल."

खाडीच्या वळणावर रेघ पिवळी पडली. राहीबाईंचे डोळे लकाकले. घरात इतकं ऐकणारं कुणी त्यांना आजवर भेटलं नव्हतं.

"पाटा-वरवंटा लिही."

"आई, तिच्याकडं मिक्सर हाय!"

"मिक्सरला बाळंतिणीचं काय कळतं? लिही तू."

वळणावरचा तुकडा लाल झाला.

"अगं बाई! हितं काय झालं?"

"अडकली होडी. तुझ्या पाट्यानं."

"मंग आता?"

"मग काय, पुनवेचं उधाण येईपर्यंत थांबा."

"बघ. मशीनच म्हणतंय, तर आपण कोण बोलणार!" राहीबाई खाटेवर टेकल्या. मांडीवर पसरलेली बाळाची दुपटी त्यांनी घडी घालायला घेतली, आणि पुन्हा तशीच पसरून ठेवली.

"मशीन न्हाय, तू म्हणतेस." कुणालनं पाटा काढून टाकला. तुकडा परत पिवळा झाला. "भूपेशभावोजी वसईच्या धक्क्यावर येऊन उभे राहणार. त्यांना काय सांगू? नायतर सरळ रिक्षा करतो भिवंडीपर्यंत, पुढं जीप."

"रिक्षा? न् नारळ कुठं सोडशील, नाक्यावरच्या गटारात?"

दार करकरलं. बाळाला खांद्यावर थोपटत दिपाली उंबऱ्यात उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"ताई, तूच सांग हिला," कुणाल म्हणाला. "पिवळं म्हणजे चालतंय. सांभाळून काढली तर निघते होडी."

दिपालीनं बाळाची मान सावरली. जवळ येऊन पडद्याकडं बघत राहिली. आईकडं तिनं बघितलंच नाही.

"कुणाल," ती हळूच म्हणाली, "माझं वजन तू लग्नातलंच धरलंयस ना रे?"