एक्क्याऐंशी दिवे

आईला एक्क्याऐंशीवं लागलं, म्हणून मी सहस्रचंद्रदर्शनासाठी आमच्या टॅम्पिनीसच्या कॉन्डोतला हॉल बुक करायला बसले. आई म्हणाली, "उशीर झालाय, ऋता. पासपोर्टवरचं वय सिनेमातलं आहे. नायिकेच्या मैत्रिणीची कामं मिळावीत म्हणून मी सहा वर्षं कमी सांगितली होती."

"बाबांना माहीत होतं?"

"फक्त त्यांनाच. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मी."

बाबा आता नाहीत. सहा वर्षांपूर्वी एका मंगळवारी त्यांनी अचानक एक्क्याऐंशी दिवे लावून आईला ओवाळलं होतं. कारण विचारलं, तर म्हणाले, "सहजच." आम्ही घाबरून त्यांना स्मृतिभ्रंशाच्या तपासणीला नेलं. डॉक्टरांनी दिव्यांचं विचारलं, तेव्हाही ते आईकडे बघून म्हणाले, "सहजच."