घरपोच यादी

“सातशे बारा जोड्या,” जयसिंग म्हणाला. “तोच पत्ता, तोच फोन, दोन याद्यांत. सरळ डुप्लिकेट आहे, मॅडम. मर्ज करून टाकू?”

सुनीतीबाईंनी चष्मा सारखा केला. सदाशिव पेठेतल्या या वाचनालयाचा प्रोग्रॅम ब्याण्णव साली त्यांनीच लिहिला होता. आता तो मोबाईलवर न्यायचा होता, आणि जुन्या दोन याद्यांची एक करायची की नाही, एवढं ठरवायला त्यांना घरून बोलावून आणलं होतं. एकदा एक झाली की पुन्हा वेगळी करता येणार नव्हती.

“पण दोन केल्याच कशाला?” वारज्याच्या या सव्विशीतल्या पोराने आवाजात जमेल तेवढा आदर आणला.

“संपतमुळे.” बाई हसल्या. संपत सायकलला पिशव्या अडकवून घरोघर पुस्तकं पोचवायचा. सभासदाचं कार्ड कर्त्या पुरुषाच्या नावावर, आणि पुरुष दुपारी कचेरीत. संपत अडूनच बसला होता, “दारात हाक कुनाला मारायची, त्येचं नाव लिवा.” म्हणून घरपोच यादी वेगळी, आणि पोचवलेली पुस्तकं त्याच नावावर. काय दिवस होते! काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, आणि पाठीमागे उभा राहून संपत एकेक नाव सांगतोय. पेठेतल्या बायकांची नावं त्याला तोंडपाठ होती.

तरी जयसिंगचं चुकत नव्हतं. एकेका घरी प्रत्येक निरोप दोनदा जायचा, आणि पेठेतली माणसं त्यावर खोचक पत्रं लिहायची. जुन्या दिवसांपायी अडगळ किती सांभाळायची? “कर एक,” त्या म्हणाल्या.

“आधी नकलेवर एक जोडी करून दाखवतो. कुठलाही पत्ता सांगा.”

बाईंनी माहेरचा पत्ता सांगितला.

पडद्यावर डावीकडे वडील आले, दिगंबर. अकरा वर्षांत तीन पुस्तकं, तिन्ही बागकामाची. उजवीकडे आई, श्यामला. प्रवासवर्णनं, रहस्यकथा, चरित्रं. आठवड्याला दोन, पानंच्या पानं. जयसिंगने बटण दाबलं. उजवी बाजू कोरी झाली आणि सगळी पुस्तकं दिगंबरांच्या नावाखाली जाऊन बसली.

“बघा, एकही पुस्तक हरवलं नाही!” जयसिंग खूश होता. “भारीच वाचायचे की तुमचे वडील.”

“तेही आल्यागेल्याला हेच सांगायचे,” सुनीतीबाई म्हणाल्या. “आई तेव्हा आत चहा टाकत असायची.”

जयसिंगने कोऱ्या उजव्या बाजूकडे पाहिलं.

“निरोप एकदाच जाईल असं बघतो,” तो म्हणाला. “याद्या राहू देत.”

त्याने केलेलं उलटवलं. श्यामला पडद्यावर परत आली, वरच्याच ओळींत दोन रहस्यकथा घेऊन.