मास्तरांची बोबडी

“बाबा, तुम्ही बोला ना,” लेक फोनवर कुजबुजली. “मला सुचतच नाहीये काही.”

पडद्यावर तिचा अर्धा चेहरा, मागे एक काउंटर आणि काउंटरमागे चष्मा लावलेल्या बाई. परदेशातल्या विद्यापीठाचं वसतिगृह होतं ते. एका सत्रासाठी रशियन शिकायला गेलेली लेक तिथे पोचून जेमतेम वीस मिनिटं झाली होती. बाईंच्या यादीत तिचं नाव नव्हतं. बाई म्हणत होत्या सोमवारी या, आणि आज होता शुक्रवार. खोली मंजूर झाल्याचं पत्र लेकीच्या हातात होतं. ते पुढे करून ती दोन वाक्यं बोलली असती, तरी काम भागलं असतं. ती पत्र छातीशी धरून उभी होती.

इकडे स्वयंपाकघरात मास्तर खुर्ची ओढून पुढे सरसावले.

मास्तर म्हणजे तिचे वडील. तीस वर्षं लोकांना मोटार शिकवत होते, म्हणून अख्ख्या गल्लीचे मास्तर. लेकीचं जायचं ठरलं त्या दिवसापासून तेही रशियन शिकायला बसले. “तिला तेवढीच सोबत,” असं सांगत. लेकीने सोबत मागितली नव्हती. तिचं व्याकरण चोख होतं, लेखी परीक्षेत ती कायम पहिली. तोंडी परीक्षेत मात्र घशाला कुलूप. तिच्या शिक्षिकेने निघताना बजावलं होतं, “तिकडे पहिल्याच दिवशी तोंड उघड. नाहीतर सगळं सत्र नुसतं ऐकून परत येशील.”

मास्तरांना ही अडचण जन्मात कधी आली नव्हती. त्या भाषेत नुसता नमस्कार करायचा तरी चार व्यंजनं एकमेकांच्या खांद्यावर चढून बसलेली असतात. मास्तरांनी ती आठवड्याभरात माणसाळवली आणि दिसेल त्याला नमस्कार घालत सुटले. दाताच्या डॉक्टरांनी “तोंड उघडा” म्हटलं, तेव्हा मास्तरांनी ते उघडलं आणि संधी साधली. मोटार शिकणाऱ्यांना प्रत्येक सिग्नलला रशियनमध्ये हवामान ऐकावं लागे. लेकीच्या ऑनलाइन तासाला मास्तर दाराआडून उत्तरं पुरवत. एकदा एक उत्तर त्यांच्याच आवाजात थेट पलीकडे गेलं. शिक्षिका म्हणाली, “उच्चार सुंदर! सर्दी झालीये का गं?”

“तिच्याऐवजी तुम्हीच जा की,” बायको म्हणाली होती.

“गेलो असतो,” मास्तर म्हणाले होते, “पण माझ्यामागे इथली वाहतूक कोण बघणार?”

तर आता मास्तर फोनपुढे होते आणि वाक्य तयार होतं. नुसतं तयार नाही, नटूनथटून बसलेलं. ‘माझ्या मुलीला खोली मंजूर झाली आहे, कृपा करून तिच्या हातातलं पत्र पाहावं.’ कर्ता, कर्म, विनंती, सगळं जागच्या जागी. चार महिने ज्या प्रसंगाची वाट पाहिली, तो आपणहून घरी चालून आला होता. रशियन बोलणारी खरीखुरी बाई समोर होती.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि यादी मिटली.

“बाबा, लवकर!”

मास्तरांनी फोन साखरेच्या डब्याला टेकवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली सरकवले. गाडीत ते असेच बसत. शिकणारा भर चौकात अडकला, मागून हॉर्न सुरू झाले की शिकवणाऱ्याचे हात आपोआप स्टीअरिंगकडे धावतात. म्हणून ते दाबून ठेवायचे. एकदा आपण चाक फिरवून दिलं, की तो माणूस पुढच्या प्रत्येक चौकात शेजारच्या सीटकडे बघत बसतो.

“मला नाही येत,” मास्तर म्हणाले.

“काय?”

“विसरलो गं. एकही शब्द आठवत नाहीये.”

लेक बघत राहिली. वडिलांना शब्द सापडत नाहीत, असं तिने एकवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मग फोन खाली गेला. पडद्यावर छतावरचा दिवा आला, आणि आवाज ऐकू यायला लागला. पहिलं वाक्य अर्ध्यात तुटलं. दुसऱ्यात एक चूक होती. मास्तरांच्या जिभेवर दुरुस्ती आली, ती त्यांनी गिळली. तिसरं वाक्य चक्क रागावलेलं होतं. बाई काहीतरी लांबलचक बोलल्या. लेकीने त्यांना मधेच तोडलं. मग कागद उलटल्याचा आवाज, खण उघडल्याचा आवाज, आणि बाई हसल्या.

“मिळाली!” पडद्यावर किल्ली नाचत होती. “दुसऱ्याच यादीत होतं नाव! बाबा, मी भांडले त्यांच्याशी! ऐकलंत?”

“ऐकलं. कळलं काहीच नाही.”

फोन ठेवला तशी बायको कडाडली, “चार महिने घर डोक्यावर घेतलंत, आणि पोर अडली तेव्हा बोबडी वळली!”

“वळली खरी,” मास्तर म्हणाले आणि मांड्यांखालून हात काढले. दोन्ही हातांना मुंग्या आल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत बायकोने ही गोष्ट सगळ्या इमारतीत पोचवली. आता मास्तर चार दिवस तोंड लपवतील, असा सर्वांचा अंदाज होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी वरच्या मजल्यावरच्या काकांना जिन्यातच गाठलं.

“कळलं का, काका? बाई समोर उभी, पोर रडकुंडीला आलेली, आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटेल तर शपथ!”

“अरेरे,” काका म्हणाले. “मग?”

“मग काय,” मास्तर छाती काढून म्हणाले, “तिलाच बोलावं लागलं!”